‘पूर्व’ आणि ‘पूर्वी’ लिहिताना या चुका टाळा

ठाण्यात ‘पूर्व’ म्हटलं की लोकांना कोपरी आठवते. सोसायटीच्या नोटिसा, मंडळांच्या स्मरणिका आणि लग्नपत्रिका तपासून देणाऱ्या माझ्यासारख्याला आठवतात ती भांडणं. त्याच त्या चुका दर मोसमात परत येतात आणि लिहिणारा दर वेळी म्हणतो, ‘अहो, लोकांना कळतं ओ.’ कळत नाही. पुढे वाचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘पूर्वी’ आणि ‘पर्यंत’ यांत फरक न करणं. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीने नोटीस लावली: ‘वार्षिक देखभाल शुल्क ३१ जुलैपूर्वी भरणाऱ्या सभासदांस सवलत मिळेल.’ निम्म्या लोकांनी आपल्या सवयीप्रमाणे ३१ तारखेलाच पैसे टाकले. ऑगस्टच्या बिलात सवलत नाही! सर्वसाधारण सभेत एक काका मोबाइल नाचवत उभे राहिले. ‘हा बघा मेसेज, ३१ तारीख, रात्री नऊ वाजून चार मिनिटं.’ सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, ‘काका, पूर्वी म्हटलंय. ३१ला म्हटलेलं नाही.’ भाषेच्या दृष्टीने सेक्रेटरींचं बरोबर होतं. ३१ जुलैपूर्वी म्हणजे ३० जुलै संपेपर्यंत. पण त्यांच्याही मनात ३१ हीच शेवटची तारीख होती, कारण खजिनदारांनी आदल्या वर्षीची नोटीस काढली तर तिच्यात ‘३१ जुलैपर्यंत’ असं स्वच्छ लिहिलेलं. या वेळी रात्री घाईत मोबाइलवर टाइप करताना ‘पूर्वी’ जरा भारदस्त वाटलं, एवढंच. इमारतीच्या गळतीचा विषय राहिला बाजूला आणि सभा या एका शब्दावर संपली. शेवटी सवलत सगळ्यांना द्यावी लागली.

माझी सवय विचाराल तर मी ‘पर्यंत’वरही भरवसा ठेवत नाही. ‘३१ जुलैपर्यंत (३१ जुलै धरून)’ असं लिहितो. कंस कुरूप दिसतो म्हणणाऱ्यांनी एकदा त्या सभेला बसावं.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे ‘पूर्व’ शब्दाच्या पुढे लावायचा की मागे, याचा विचारच न करणं. पूर्वपरीक्षा म्हणजे आधी होणारी परीक्षा. परीक्षापूर्व म्हणजे परीक्षेच्या आधीचं. राज्यसेवेची पोरं पूर्व, मुख्य आणि मुलाखत या पायऱ्या झोपेतही सांगतील, पण त्यांच्यासाठी फलक करणारे क्लासवाले? नौपाड्यात एका क्लासने लावला होता: ‘मोफत परीक्षा पूर्व मार्गदर्शन’. चारही शब्द सुटे, मधे भरपूर जागा. मुख्य परीक्षेची पोरं आली ती शेवटच्या आठवड्यात काय वाचायचं ते ऐकायला. समोर सर शिकवत होते पूर्वपरीक्षेचा अभ्यासक्रम. आणि मोफत काय होतं, परीक्षा की मार्गदर्शन, हे मला आजही कळलेलं नाही. जोडून लिहा: ‘परीक्षापूर्व’. किंवा सरळ ‘परीक्षेआधी’ म्हणा. त्याने कुणाची पदवी काढून घेत नाहीत. तसंच पूर्वसूचना म्हणजे आधी दिलेली सूचना, ‘सूचनेपूर्वी’ म्हणजे सूचना यायच्या आधी. ‘आधीच पूर्वसूचना देऊन’ हे तर कृपा करून नकोच.

फ्लेक्सवरची चूक हिंदीतून आलेली आहे. ‘पूर्व नगरसेवक, ठाणे पूर्व’ हे मी कोपरी पुलाजवळ डोळ्यांनी वाचलंय. मराठीत पदावरून उतरलेला माणूस ‘माजी’ असतो. आणि स्मरणिकेत जुन्या समारंभाबद्दल लिहिताना ‘माजी मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले’ असं लिहू नका, तेव्हा ते मंत्रीच होते. तिथे ‘तत्कालीन’. हिंदीतलाच दुसरा पाहुणा ‘पूर्वाग्रह’. आपला शब्द पूर्वग्रह, त्यात आग्रह नाही.

पूर्वसंध्या म्हणजे आदल्या दिवसाची संध्याकाळ. पाडव्याच्या पूर्वसंध्येला तलावपाळीवर दिवे लावायचे असतील तर ते पाडव्याच्या आदल्या दिवशी. ‘स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला सकाळी १० वाजता’ असं निमंत्रण आलं की मी उत्तरच देत नाही.

आता थोडं खोलात. दिशेच्या पूर्वेसमोर पश्चिम असते, पण काळाच्या पूर्वसमोर ‘उत्तर’ येतं. उगवतीकडे तोंड केलं की समोर ती पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीमागे पश्चिम. समोरचं तेच पहिलं, म्हणून एकाच शब्दात दिशाही आली आणि ‘आधी’ही. काळाच्या जोड्या मात्र वेगळ्या: पूर्वार्ध–उत्तरार्ध, स्वातंत्र्यपूर्व–स्वातंत्र्योत्तर, मतदानपूर्व–मतदानोत्तर. कीर्तनातही निरूपणाचा भाग पूर्वरंग आणि आख्यानाचा उत्तररंग. त्यामुळे पूर्वरंग म्हणजे ‘छोटीशी प्रस्तावना’ नव्हे, बुवा अभंग उलगडतात तो तिथेच. पूर्वपक्षाचं तर वाटोळं झालंय. शास्त्रचर्चेत आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तो पूर्वपक्ष. त्याचं खंडन करून येतो तो सिद्धान्त. वक्तृत्व स्पर्धेतली मुलं आधीचंच वाक्य उचलतात आणि ग्रंथकाराच्या नावावर खपवतात. पुढचं पान उलटायला किती वेळ लागतो?

पूर्वार्धाचा हिशेबही करून बघत चला. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला. एका स्मरणिकेच्या मजकुरात होतं, ‘एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात’. पूर्वार्ध १८५० सालीच संपला. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं स्थापनावर्ष १८९३ तर थेट शतकाच्या शेवटाकडचं. इसवी सनापूर्वी गेलात की मोजणी उलटी: इ. स. पू. तिसरं शतक ३०० पासून २०१ पर्यंत येतं आणि त्याचा पूर्वार्ध २५१ला संपतो. मोठा आकडा आधी. सोपाऱ्याचे अशोकाचे लेख याच शतकातले. आणि सोपारा ‘पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात’ लिहा, कारण १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. नुसतं ‘पूर्वी’ लिहून सोडू नका. कशाच्या पूर्वी, ते लगेच पुढे यायला हवं. मी तपासताना प्रत्येक ‘पूर्वी’पाशी पेन्सिलीने ‘कधी?’ लिहितो, लोक वैतागतात.

लग्नाच्या बातमीत ‘पूर्वाश्रमीच्या’ कशाला? ‘माहेरचं नाव’ म्हणा. संन्याशांसाठी तो शब्द राहू द्या.

‘आदरपूर्वक’मधला पूर्वक काळ दाखवत नाही, त्याच्यापुढे ‘आधी’ नको. ‘हेतुपुरस्कर’ असा शब्द नाही, हेतुपुरस्सर आहे; पुरस्कार द्यायचा तो वेगळा द्या.

आणि ‘पुर्व’. पाट्यांवर, पत्त्यांवर, शाळेच्या फलकावरसुद्धा. पू दीर्घ. पूर्वसूरीमध्ये तर पू आणि सू दोन्ही दीर्घ. मोबाइल जे पहिलं सुचवेल ते दाबून मोकळं होणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. लग्नपत्रिकेत ‘ठाणे (पू.)’ चालेल, फक्त त्याच्या वरच्या ओळीत गुरुजींच्या नावाआधी ‘प. पू.’ असेल तर पत्त्यात ‘पूर्व’ अख्खं छापा.