कपाटामागची बुरशी कशी घालवली

ठाण्यातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत पावसाच्या थेट माऱ्यात. कपाट सरकवलं तर मागे काळे ठिपके आणि फुगलेला पापुद्रा. नखाने दाबला की भुगा. रंगारी म्हणाला, "पुट्टी मारून टाकू!" म्हटलं, आधी ओल कुठून येते ते बघू. जाणकाराने ओलावा मोजायचं यंत्र लावलं, तर खिडकीच्या कोपऱ्यात आकडा सगळ्यात जास्त. बाहेर छज्ज्याच्या सांध्यालाच चीर. पाऊस सरल्यावर ती भरली. सैल गिलावा पाणी फवारून, एन-९५ मास्क लावून खरवडला. कोरडा घासला तर बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. भिंत पूर्ण सुकल्यावरच रंग. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, लावतो. वीजबिल वाढतं, पण दरवर्षीच्या रंगकामापेक्षा परवडतं.