शुगर-बीपीच्या पेशंटचं रजिस्टर नुसतं भरू नका, त्यातून याद्या काढा

छोट्या दवाखान्यात रेकॉर्ड नसतं असं नाही, केसपेपरचे गठ्ठे असतात, काही ठिकाणी सॉफ्टवेअर पण असतं, पण ते उघडतं कधी तर पेशंट समोर येऊन बसल्यावर. आणि शुगर, बीपी, किडनी असल्या आजारांत खरा घोळ होतो तो जे येतच नाहीत त्यांचा. केसपेपर नंबराने लावलेले, त्यामुळे चार महिने गायब असलेला माणूस कपाटात व्यवस्थित जागेवर असतो आणि कुणाच्याच लक्षात नसतो. मी दवाखान्यात रेकॉर्डचंच काम बघते, म्हणून जे चालतं तेवढंच सांगते.

सुरुवात साध्या एक्सेल शीटने करा, कॉम्प्युटर नसेल तर आडवी वही चालेल. एका पेशंटला एक ओळ: नाव, वय, आजार, चालू गोळ्या डोससकट, शेवटचं बीपी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची तपासणी), डोळ्यांचा पडदा आणि पाय कधी तपासले, प्रत्येकापुढे तारीख. मोबाईल नंबर दोन घ्या, एक पेशंटचा आणि एक घरात गोळ्या बघणाऱ्याचा, बऱ्याचदा सूनबाईंचा असतो. गोळी लिहिताना कंपनीचं नाव नको, मूळ औषध लिहा, कारण एक ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, आपण दिलेलं आणि दुसरं तेच ॲम्लोडिपिन तालुक्याच्या डॉक्टरांनी वेगळ्या नावाने दिलेलं, आणि आजोबा दोन्ही गोळ्या इमानदारीत खातायत, असं होतं. शेवटचा कॉलम ‘पुढची तारीख’, तो एकवेळ बाकीचं राहिलं तरी चालेल पण रिकामा सोडायचा नाही.

जुने सगळे पेपर काढून एका दमात भरायला बसू नका, कंटाळून चौथ्या दिवशी बंद पडतं. पेशंट येईल तशी ओळ भरत जा. महिन्याला गोळ्या न्यायला येणारे दोन-तीन महिन्यांत आपोआप शीटमध्ये येतात, मग कपाटातून शुगर-बीपीचे उरलेले पेपर काढा, म्हणजे सुटलेले पेशंट कोण ते आयतंच हातात येतं.

आता याद्या. पहिली यादी ‘पुढची तारीख’ उलटून गेली तरी न आलेल्यांची, आठवड्यातून एकदा, गर्दी कमी असते त्या दुपारी काढायची. हे काही मी शोधलेलं नाही, बीपीच्या सरकारी कार्यक्रमात, म्हणजे इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हमध्ये, हेच करतात. २०१७ मध्ये तो जाहीर झाला आणि आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे सुरुवातीचे जिल्हे होते. तिथेही न आलेल्यांची यादी काढून फोन लावणं हा कामाचाच भाग. फोनवर ‘का आला नाहीत?’ असं दरडावू नका, माणूस पुढच्या वेळी फोनच उचलत नाही. ‘काका, गोळ्या शिल्लक आहेत का?’ एवढं विचारा, पुढचं ते स्वतःच सांगतात. बरं वाटलं म्हणून बंद केल्या, पैसे नव्हते, मुलाकडे पुण्याला आलोय, काय असेल ते. कारण दोन शब्दांत शीटमध्ये टाका.

दुसरी यादी येतात पण कंट्रोल नाही अशांची. लागोपाठ दोन वेळा बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर आणि गोळ्या मात्र त्याच, असे फिल्टर लावून काढा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपलं काम त्यांना दिसेल असं करायचं, कारण ओपीडीच्या गर्दीत ‘तेच चालू ठेवा’ लिहिणं फार सोपं असतं.

तिसरी राहिलेल्या तपासण्यांची. शुगरवाल्यांना वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा पडदा, पाय, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन व्हायला पाहिजे, आणि सगळ्यात जास्त राहतात ते डोळे.

क्रिएटिनिनचे मात्र नुसते ताजे आकडे बघू नका, मागचे शेजारी शेजारी लिहा. समजा ६४ वर्षांच्या आजी आहेत, आधी ०.९, वर्षाने १.१, आणखी वर्षाने १.४. एकेक रिपोर्ट सुटा बघितला तर पहिले दोन बऱ्याच लॅबच्या नॉर्मलमध्येच बसतात, ठळक अक्षरात काहीच छापून येत नाही. पण त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाज, काढला तर साधारण ७१, मग ५६, मग ४२. इतकं खाली येईपर्यंत थांबायचं कशाला, ५६ आला तेव्हाच विचारायचं होतं की गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर कुठली गोळी चालू आहे, कारण दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीला त्रास होऊ शकतो. आणि शुगरच्या गोळीचा, मेटफॉर्मिनचा, डोस पण तेव्हाच डॉक्टरांच्या नजरेखालून जायला हवा.

अजून एक कॉलम टाका, हंगामाचा. बीड-नगरकडचे ऊसतोडीला जाणारे लोक दिवाळीच्या आसपास जातात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यांना महिन्याची तारीख देऊन काय उपयोग, जाण्याआधी बोलवा, जास्त दिवसांच्या गोळ्या आणि चालू औषधांचं कार्ड हातात द्या म्हणजे कारखान्याजवळचा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करणार नाही. वारीला जाणाऱ्या शुगरच्या पेशंटचे पाय निघायच्या आधी बघायचे. रोजे ठेवणाऱ्यांच्या गोळ्यांच्या, इन्सुलिनच्या वेळा रमजान लागायच्या आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यायच्या. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं पण शीटमध्ये नसतं, आणि आपण सुट्टीवर गेलो की संपलं.

प्रायव्हसीचं पण बघा. रिपोर्टचे फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, शीटला पासवर्ड ठेवा, आणि फोन शेजाऱ्याने उचलला तर आजाराचं नाव काढायचं नाही, ‘दवाखान्यातून फोन होता’ बस. आभा नंबर, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीचा तो १४ आकडी नंबर, असेल तर लिहून घ्या, मोठ्या हॉस्पिटलला पाठवताना उपयोगी पडतो, पण त्यावरून रेकॉर्ड बघायला पेशंटची परवानगी लागतेच.

दर तीन महिन्यांनी किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे ते मोजा. भागताना फक्त आलेल्यांनी भागू नका, आकडा छान दिसतो पण खोटा असतो. नोंदवलेल्या १०० पैकी ६० आले आणि ४५ जणांचं कंट्रोलमध्ये, तर तुमचा आकडा ४५ टक्के, ७५ नाही. न आलेले ४० वेगळे लिहा आणि तिथूनच पुढच्या आठवड्याचे फोन सुरू करा.