प्रवासाचे पॉइंट देणारं बिझनेस क्रेडिट कार्ड घेण्याआधी

कार्ड निवडायला बसण्याआधी मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून घ्या आणि पेनाने खुणा करा: तिकीट-हॉटेल किती, माल खरेदी किती, जीएसटी आणि इतर कर किती. हे आधी करा, कारण बऱ्याच कार्डांवर कर, इंधन, भाडं आणि वॉलेट भरणा यांवर पॉइंट मिळतच नाहीत. आपला मोठा खर्च नेमका तिथेच असेल, तर जाहिरातीतला आकडा आपल्या कामाचा नाही.

मग पॉइंटचे रुपये करून बघा. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर लाखाच्या खर्चावर हातात येतात फक्त २५० रुपये. तोच पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये (म्हणजे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये) बदलून रुपयाचा होत असेल, तर गणितच पालटतं. म्हणून माइल्स कोणत्या कंपनीत बदलता येतात आणि ती कंपनी तुमच्या गावाहून उडते का, हे नक्की विचारा. कोल्हापूर किंवा नांदेडच्या उद्योजकाला हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

परदेशी जात असाल तर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, पाहा. ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, की लाखाच्या हॉटेल बिलावर ४,१३० रुपये जादा जातात. विमानतळावरच्या लाउंजचा मोह त्यापुढे काहीच नाही.

आणि थकबाकी पुढच्या महिन्यात ढकलायची वेळ येत असेल, तर पॉइंटचं कार्ड सध्या घेऊच नका.