घरच्या घरी गाडीचे काम : कोणता जुगाड चालतो आणि कोणता चालत नाही

आमचे घर रत्नागिरीत, समुद्रापासून फार लांब नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गाडीच्या खालच्या बाजूचा एकही नट गंजल्यावाचून राहत नाही, आणि माझी जुनी मारुती ८०० मी वर्षानुवर्षे अंगणातच दुरुस्त करीत आल्यामुळे घरातल्या वस्तूंमधून हत्यारे तयार करण्याची सवय मला आपोआपच लागली. या सवयीतून एक नियम मी स्वतःपुरता पक्का केला आहे. जे हत्यार फक्त हाताला, डोळ्याला किंवा कानाला मदत करते ते घरी बनवायला काहीच हरकत नाही. पण ज्या वस्तूवर गाडीचे वजन पेलले जाते किंवा गाडीचे थांबणे अवलंबून असते, त्या जागी पर्यायी वस्तू वापरायची नाही. पुढचे सगळे या नियमाला धरूनच सांगतो.

सुरुवात जॅकपासून करायला हवी, कारण जिवावर बेतण्याचा प्रसंग तिथेच येतो. एका जूनमध्ये पहिल्या पावसानंतर भिजलेल्या मातीवर मी जॅक लावला, मागचे चाक काढले आणि दोनच मिनिटांत जॅकची बैठक एका बाजूने मातीत रुतून गाडी सरळ ब्रेक ड्रमवर आदळली. मी बाजूला उकिडवा बसलो होतो म्हणून वाचलो; हात आत असता तर मनगट गेले असते. तेव्हापासून जॅकखाली फणसाच्या लाकडाची एक फूट लांब-रुंद आणि दोन बोटे जाड फळी घातल्याशिवाय मी गाडी उचलत नाही. फळीमुळे वजन पसरते आणि जॅक रुतत नाही. जे चाक उचलायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून अडण लावावी. गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी आणि हँडब्रेकही ओढावा. मात्र बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागचे चाक उचलल्यावर केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.

अडण म्हणून कोकणात जांभ्याचा चिरा सगळ्यांत सोयीचा, कारण तो खरखरीत असतो आणि सरकत नाही. परंतु तोच चिरा गाडीखाली आधार म्हणून लावलेला मी अनेक अंगणांत पाहिला आहे आणि ते पाहून मला खरोखर भीती वाटते. चिरा सच्छिद्र असतो. सगळे वजन एका छोट्या जागेवर आले की तो आधी कुरकुरत नाही, वाकत नाही, एकदम फुटतो; विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक यांचेही तसेच. गाडीखाली सरपटत शिरायचे असेल तर लोखंडी जॅक स्टँडची जोडी विकतच घ्यावी, आणि काढलेले चाक गाडीच्या कडेच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे सगळे फसले तरी गाडी चाकावर टेकेल आणि माणसाच्या अंगावर येणार नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नये.

गंजलेल्या नटांच्या बाबतीत घाई करणारा माणूस हमखास नटाचे कोपरे झिजवून बसतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासावेत, त्यांवर रॉकेल किंवा डिझेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. विकतचे गंज सोडवणारे तेल लवकर काम करते, पण एक रात्र हाताशी असेल तर डिझेलही पुष्कळदा पुरते. सकाळी नटाच्या डोक्यावर हातोडीने पाच-सहा नेमके ठोके द्यावेत, म्हणजे आट्यांत धरलेला गंज तडकतो. मग नट सोडवण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबून पाहावा; तो केसभर जरी हलला, तरी पुढे उलट दिशेने सुटण्याची शक्यता वाढते. पाना नेहमी सहा कोनांचा बॉक्स पाना असावा, कारण तोंडाचा पाना दोनच बाजूंना धरतो आणि घसरतो. चाकाचे नट गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेले असतील तर पान्याच्या दांड्यावर अर्ध्या इंची पाण्याचा लोखंडी पाइप चढवावा. हे सगळे चाक जमिनीवर टेकलेले असतानाच करावे, कारण उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. पाइप नट सुटा करण्यापुरताच वापरावा. आवळताना तो वापरला तर स्टड, म्हणजे ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो किंवा तुटतो.

सायलेन्सरच्या बाजूचा डोके नसलेला स्टड काढायचा असेल तर त्यावर त्याच मापाचे दोन नट चढवावेत आणि दोन पान्यांनी एकमेकांवर घट्ट आवळून टाकावेत. मग आतल्या नटाला पाना लावून उलटे फिरवले की तो बाहेरच्या नटावर अडतो आणि त्याच्याबरोबर स्टड फिरू लागतो. परत बसवताना मात्र पाना बाहेरच्या नटाला लावायचा. कोणता नट कोणत्या वेळी, हे उलटसुलट केले की नट नुसते सुटून येतात आणि युक्तीच खोटी वाटू लागते.

घरी बनवलेल्या हत्यारांमध्ये मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला आहे तो टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत वीज येते की नाही हे दाखवणारा दिवा. बारा व्होल्टचा, पाच वॅटचा एक फिलामेंटचा छोटा बल्ब, त्याचा होल्डर, हातभर लांबीच्या दोन वायरी, एका टोकाला मगरचिमटा आणि दुसऱ्या टोकाला गोधडी शिवायची जाड सुई एवढेच साहित्य लागते. सुईचे टोक सोडून बाकी भागावर इन्सुलेशन टेप गुंडाळावी. चिमटा गाडीच्या बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावून सुई फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना आळीपाळीने टेकवावी. त्या सर्किटचा स्विच चालू असताना दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज ठीक आहे, एकाच बाजूला लागला तर फ्यूज उडालेला आहे, आणि कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच पोहोचत नाही. फ्यूज उपसून डोळ्यांना लावून पाहण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे आहे.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर हाच दिवा चोर पकडून देतो. गाडी बंद करून, किल्ली काढून, दारे लावून घ्यावीत, बॅटरीची ऋण बाजूची केबल सोडवावी आणि केबल व ऋण टर्मिनल यांच्यामध्ये दिवा जोडावा. पहिली काही मिनिटे थांबावे. घड्याळ, रेडिओची स्मृती यांच्यासाठी लागणारी वीज इतकी थोडी असते की पाच वॅटचा बल्ब त्यावर उजळत नाही. तो स्पष्ट उजळत राहिला तर कुठेतरी काहीतरी चालू राहिलेले आहे. मग एकेक फ्यूज काढत जावे आणि ज्या फ्यूजला दिवा विझेल तेच सर्किट तपासावे. माझ्या गाडीत तो डिकीतला दिवा निघाला होता, ज्याचा स्विच गंजून दाबलेला राहत नव्हता. दिवा मध्ये जोडलेला असताना स्टार्टर मारू नये. नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच्या आणि सेन्सरच्या वायरींना, तसेच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हा दिवा कधीही लावू नये. त्या ठिकाणी बल्बने ओढलेला करंटच नुकसान करू शकतो.

बॅटरीशी काम करताना पान्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवून ठेवावी. ऋण टर्मिनल सगळ्यांत आधी सोडावे आणि सगळ्यांत शेवटी जोडावे, कारण ऋण बाजू बॉडीला जोडलेली असताना धन बाजूवर लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी पडून शॉर्ट होते आणि पाना हातात तापतो. टर्मिनलवर साठलेला पांढरा-हिरवट भुगा निघण्यासाठी पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासावे. सोडा फसफसतो म्हणजे आम्ल मरते आहे. पाण्याची झाकणे असलेल्या बॅटरीत ती घट्ट लावलेली असावीत, कारण सोडा आत गेला तर बॅटरीतलेच आम्ल निकामी होते. टर्मिनल कोरडे करून आवळल्यानंतर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा.

स्पार्क प्लग बसवण्यासाठी रबरी नळी वापरण्याची युक्ती मात्र मला विकतच्या हत्यारापेक्षाही चांगली वाटते. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा घ्यावा, तो प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर घट्ट चढवावा आणि प्लग इंजिनातल्या त्याच्या खोल खळगीत सोडून नळी बोटांनी फिरवावी. अनेक इंजिनांचे हेड, म्हणजे प्लग बसतो तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे मऊ असतात. पान्याने प्लग तिरका चढवला तर पाना ते सहन करतो आणि आटे खाऊन टाकतो. नळी मात्र आटे चुकले की प्लगवरच घसरून फिरते, त्यामुळे चूक लगेच कळते. चार-पाच फेरे नळीनेच बसवून मग शेवटचे आवळणे पान्याने करावे. हे काम नेहमी इंजिन गार असताना करावे.

इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला लांब पेचकस पुरतो. त्याचे टोक अल्टरनेटरच्या किंवा वॉटर पंपाच्या अंगावर टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. चांगल्या बेअरिंगचा आवाज एकसारखा सळसळता असतो. खराब झालेल्यातून जात्यात वाळू भरडल्यासारखी खरखर ऐकू येते आणि ती ऐकल्यावर शंका उरत नाही. इंजिन चालू असल्याने बाही दुमडलेली असावी, ओढणी किंवा गळ्यातली माळ लोंबती नसावी आणि पेचकस फिरत्या पट्ट्यापासून दूर धरावा.

गळती कशाची आहे हे ओळखायला रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा उघडून ठेवावा आणि चारही चाकांच्या जागा त्यावर खुणेने आखाव्यात. सकाळी डाग कुठल्या चाकाजवळ आहे ते दिसते. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा असतो, हिरवा किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचा कूलंटचा असतो, आणि एसी चालवून आल्यानंतरचे स्वच्छ पाणी असेल तर काळजीचे कारण नाही. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो, आणि तशी गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. ऑइल बदलताना पाच लिटरचा रिकामा कॅन आडवा ठेवून त्याची रुंद बाजू कापून काढली की उत्तम परात तयार होते. वापरलेले ऑइल गटारात किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नये. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुने ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकावी असे अनेक जण सांगतात. हळदीने बारीक भोक काही काळ बुजते हे खरे आहे, पण तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही साठते आणि पुढे इंजिन तापू लागते. घाटात अडकून दुसरा इलाजच नसेल तेव्हा करावे आणि नंतर सगळे पाणी काढून रेडिएटर धुऊन घ्यावा. रबरी होस फाटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कोरड्या होसवर ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळावी आणि तारेने बांधावी. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे, पाणी भरावे आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवत जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जावे.

ब्रेकच्या बाबतीत जुगाडाला जागा फारच थोडी आहे. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, सोडवल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये, तर कपड्यांच्या तारेच्या हँगरचा आकडा करून स्प्रिंगला अडकवावा; पिस्टन मागे ढकलायला जुना पॅड मध्ये ठेवून सुतारी क्लॅम्प लावता येतो. एवढ्यापुरतेच. पॅड, नळी, वॉशर आणि ब्रेक ऑइल हे सगळे कंपनीने सांगितलेलेच वापरावे.

चाक परत बसवल्यानंतर नट किती आवळावेत याचा अंदाज पुष्कळांचा चुकतो, आणि आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना सगळ्यांकडे नसतो. त्यावर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा वापरता येतो. समजा, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ८५ न्यूटन-मीटर लिहिले आहे आणि पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर तुम्ही खूण केली आहे, ८५ला ०.५ने भागले की १७० न्यूटन येतात, आणि त्यांना ९.८ने भागले की साधारण १७.३ किलो. दांडा सरळ वर उभा राहील असा पाना नटावर बसवावा, खुणेजवळ काट्याचा हूक अडकवावा आणि उजवीकडे, जमिनीला समांतर, हळूहळू ओढावे. काट्याने १७.३ दाखवले की थांबावे. दांडा उभा ठेवल्यामुळे त्याचे स्वतःचे वजन हिशेबात येत नाही, आणि ओढ दांड्याला काटकोनात राहिली तरच आकडा खरा येतो. नट समोरासमोरच्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळावेत, आटे कोरडे व स्वच्छ असावेत, कारण तेल लागलेला नट त्याच ओढीला जास्त ताणला जातो. गाडी शंभरएक किलोमीटर चालल्यावर हेच मोजमाप पुन्हा एकदा घ्यावे.