मुलांसाठी विश्वजन्माची कथा लिहिताना या चुका टाळा

विज्ञान आणि कल्पना एकत्र गुंफून मुलांसाठी विश्वाच्या जन्माची कथा लिहिताना पात्र कोण असावे, ते कोणत्या सुरात बोलावे आणि उपमा कोणत्या घरातून याव्यात, याची लेखकाला पूर्ण मोकळीक असते. मात्र आधी काय घडले, नंतर काय घडले आणि ते कशामुळे घडले, यात त्याने ढवळाढवळ करू नये. अशा कथांमधल्या बहुतेक चुका ही सीमा पुसली गेल्यामुळेच होतात.

पहिली चूक बहुधा पहिल्याच वाक्यात असते: ‘सगळीकडे काळोख होता आणि अचानक प्रचंड स्फोट झाला.’ हे वाक्य ऐकताच मुलाच्या डोळ्यांपुढे दिवाळीतला सुतळी बॉम्ब उभा राहतो आणि त्याबरोबर स्फोटाची जागा, भोवतालचे रिकामे अंगण, कानठळ्या बसवणारा आवाज हे सारे आपोआप येते. प्रत्यक्षात सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अवकाशच ताणले जाऊ लागले आणि ते कोणत्याही एका जागी घडले नाही. त्यासाठी ठिपके काढलेल्या, फुगत जाणाऱ्या फुग्याची उपमा चांगली आहे, पण या उपमेत विश्व म्हणजे केवळ फुग्याची कातडी असते, हे सांगायला विसरू नये. काळोखही खरा नाही. आरंभीचे विश्व अतिशय तप्त आणि झगझगीत होते, परंतु प्रकाशाला मोकळेपणी पुढे जाता येत नव्हते. पावसाळ्यात आंबोली घाटातल्या दाट धुक्यात गाडीच्या दिव्याचे जे होते, तेच त्याचे होत होते. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी हे धुके विरले आणि तेव्हा सुटलेला प्रकाश सूक्ष्मलहरींच्या रूपात आजही आपल्यापर्यंत पोहोचतो. ‘काळोख होता’ या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्यापेक्षा हे धुके कथेला कितीतरी अधिक देते, असे मला मनापासून वाटते.

दुसरी चूक पात्रांच्या बाबतीत होते आणि ती सहजासहजी लक्षात येत नाही. समजा, गुरुत्वाकर्षणाला आपण चिंध्या गोळा करून गोधडी शिवणारी आजी केले. ही कल्पना सुरेख आहे, पण आजीला निसर्गाचे नियम बांधील असले पाहिजेत: तिला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, वस्तू जितकी दूर, तितकी तिची ओढ कमी, आणि तिच्या मायेत आपपरभाव नसतो. पाचव्या पानावर तिने रागावून एखादा ग्रह दूर लोटला, तर विज्ञान तर बिघडतेच, शिवाय आजीवरचा विश्वासही जातो. ‘माशाला जमिनीवर यावेसे वाटले, म्हणून त्याला पाय फुटले’ हे वाक्यही याच जातीचे आहे. पात्राला इच्छा जरूर असावी, परंतु ती उत्क्रांतीचे कारण ठरू नये. पिल्ले एकमेकांपेक्षा थोडी वेगळी जन्मतात, त्यांतली काही अधिक तगतात आणि असंख्य पिढ्यांनी रूप पालटते. गोष्टीला लागणारा ताण यातही भरपूर आहे.

‘आपण सारे ताऱ्यांची धूळ आहोत’ हे वाक्य गोड असले तरी अपुरे आहे. हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह ताऱ्यांमधून आले हे खरे, पण शरीरातल्या अणूंपैकी निम्म्याहून अधिक हायड्रोजनचे असतात आणि त्या अणूंची केंद्रके कोणताही तारा पेटण्याआधीची आहेत. पेल्यातल्या पाण्यात ताऱ्यांहून जुने काहीतरी आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

मोठे आकडे नुसते फेकू नयेत. मुंबई ते दिल्ली हा रेल्वेमार्गही साधारण १३८० किलोमीटरचा आहे. एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षे धरल्यास पृथ्वी कोटा स्थानक मागे पडल्यावर जन्मते, जीवसृष्टी सवाई माधोपूरच्या आसपास दिसू लागते, महाकाय डायनोसॉर निजामुद्दीनजवळ नष्ट होतात आणि आपली मानवजात गाडी थांबण्याआधीच्या शेवटच्या तीसेक मीटरांत येते.

पुराणकथांना विज्ञानाचा पुरावा म्हणून उभे करणे, ही दोघांवरही अन्याय करणारी चूक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त ही सृष्टी कोठून आली असे विचारते आणि कदाचित तिच्या अध्यक्षालाही ते ठाऊक नसेल, अशा शंकेवर थांबते. कथेत ते प्रश्न म्हणूनच यावे. ‘त्याच्याही आधी काय होते?’ असे मुलाने विचारल्यास निवेदकाने ‘हे अजून कोणालाही माहीत नाही’ असे स्वच्छ सांगावे, घाईघाईने एखादा देव किंवा एखादे समीकरण पुढे करू नये.

मसुदा झाला की तो एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याला चित्रे काढायला सांगावे. चित्रात सूर्याआधी पृथ्वी आली, तर क्रम सांगणारा परिच्छेद पुन्हा लिहावा; कागदाच्या मधोमध ठिणग्या उडवणारा गोळा आला, तर पहिले वाक्य बदलावे.