ताइफचा गुलाब पाहायला जाताना

सौदी अरेबियातील ताइफ हे जुने शहर सरवात पर्वतरांगेत सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील गुलाब वर्षातून एकदाच फुलतो. त्यामुळे प्रवासाची आखणी मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिल या काळाभोवती करावी. त्या वर्षीच्या हवामानानुसार बहर पुढेमागे होतो, म्हणून शेतमालकाकडे आधी चौकशी करूनच मुक्काम ठरवावा.

जेद्दाहून मोटारीने निघाल्यास मुस्लिमेतरांनी मक्केत न शिरता बाह्यवळण रस्ता धरावा. पुढचा अल हदाचा घाट देखणा असला तरी तीव्र वळणांचा आहे आणि धुके उतरले की तेथे समोरचे दिसेनासे होते. तो आदल्या दिवशी उजेडात चढून रात्री वरच राहणे उत्तम, कारण खरे काम पहाटे सुरू होते. ऊन तापले की पाकळ्यांतील सुगंधी तेल उडून जाऊ लागते, म्हणून अल हदा व अल शफा येथील शेतांत फुले सूर्य वर येण्याआधीच खुडतात. परवानगीशिवाय शेतात पाऊल ठेवू नये, आणि खुडणाऱ्यांची छायाचित्रे त्यांना विचारूनच घ्यावीत.

त्याच सकाळी अत्तराची भट्टी अवश्य पाहावी. माझ्या मते शेताइतकीच तीही महत्त्वाची आहे. तांब्याच्या मोठ्या भांड्यात फुले आणि पाणी तापवतात, वाफ थंड पाण्यातून नेलेल्या नळीत निवते, आणि काचेच्या पात्रात साठलेल्या गुलाबपाण्यावर तेलाचा जो पातळ थर तरंगतो तेच अत्तर होय. त्याचे माप आपल्या ओळखीचे आहे: तोळा. एका तोळ्यासाठी १०,००० हून अधिक फुले लागतात, तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या ‘शुद्ध’ अत्तरावर विश्वास ठेवू नये. मोजक्या पैशांत खरी वस्तू हवी असेल तर भट्टीवरूनच गुलाबपाणी घ्यावे. या गुलाबाशी निगडित परंपरांचा समावेश युनेस्कोने २०२४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

दुपार शहरासाठी ठेवावी. विसाव्या शतकाच्या आरंभीचा शुब्रा राजवाडा त्याच्या कोरीव लाकडी खिडक्यांसाठी निदान बाहेरून तरी पाहावा. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बरीच दुकाने बंद असतात. गुलाबाचा हंगाम हुकलाच, तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात यावे. तेव्हा याच डोंगरउतारांवरील द्राक्षे आणि डाळिंबे बाजारात आलेली असतात.