सिनेमातलं जुनं विमान खरं कुठलं, ते कसं ओळखायचं

जुन्या अ‍ॅडव्हेंचर पिक्चरमधे विमान आलं की मी पॉज करतो, घरचे वैतागतात, पण आता त्यांनाही सवय झालीय. तर पहिलं म्हणजे रंग आणि शेपटीवरचं चिन्ह बघूच नका. ते एका दिवसात बदलता येतं, पंख नाही बदलता येत.

म्हणून आधी पंख कुठे बसलाय ते बघायचं. टेम्पल ऑफ डूममधे इंडी (म्हणजे इंडियाना जोन्स) शांघायहून पळतो ते तीन इंजिनांचं, गोडाऊनच्या पत्र्यासारखं नालीदार अंगाचं विमान आठवतंय का? अगदी तसाच पत्रा, तशीच तीन इंजिनं व्हेअर ईगल्स डेअर या वॉर पिक्चरमधे पण आहेत आणि लोक दोन्हींना एकच समजतात. पंख बॉडीच्या वर असेल तर अमेरिकन फोर्ड ट्रायमोटर, खाली असेल तर जर्मन युंकर्स ५२. विषय संपला.

मग नाक. इथे मात्र थांबा, खरी गंमत इथेच आहे. बॅटल ऑफ ब्रिटन (१९६९) हा तसा वॉर पिक्चर, पण शिकायला याच्याइतकं भारी काही नाही. त्यातल्या जर्मन मेसरश्मिट फायटरच्या नाकाच्या बाजूला एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग दिसेल, ती वरच्या बाजूला आहे. खऱ्या लढाईतल्या मेसरश्मिट १०९ चं इंजिन उलटं बसवलेलं असायचं, सिलिंडर खाली, त्यामुळे नळ्याही खाली. मग हे काय? तर ही स्पेनमधे बनलेली बुचोन विमानं, त्यात ब्रिटिश रोल्स रॉइस मर्लिन इंजिन, म्हणजे त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायरचंच! त्या इंजिनामुळे नाकाखाली फुगवटा आला, आणि बुचोन म्हणजे गळा फुगवणारं कबुतर, एकदा तो गळा दिसला की परत चुकणार नाही.

कॉकपिटची काच लांबलचक दिसली तर बहुतेक दोन सीटवालं ट्रेनर, म्हणजे पायलटला शिकवायचं विमान असतं. इंडीच्याच लास्ट क्रुसेडमधली जर्मन फायटर म्हणजे स्विस पिलाटस पी-२ ट्रेनर.

साल पण जुळवून बघा. इंडीच्याच रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्कची गोष्ट १९३६ ची, पण पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीची क्लिपर म्हणून दाखवलेलं ते पाण्यावर उतरणारं मोठं विमान शॉर्ट सोलेंट आहे, आणि सोलेंट पहिल्यांदा उडालं १९४६ ला. त्याच पिक्चरच्या सुरुवातीला नदीवरच्या छोट्या वाको विमानावर ओबी-सीपीओ लिहिलंय. ओबी हा पेरू देशाच्या विमानांचा खराखुरा कोड, सीपीओ मात्र स्टार वॉर्समधल्या सी-थ्रीपीओ रोबोटवरून, ते स्टार वॉर्सवाल्यांना सांगायला नको.

आणि एवढं करूनही काहीच जुळत नसेल तर विमान उडताना दिसतंय का ते बघा. रेडर्समधलं ते नुसत्या पंखाचं जर्मन विमान मी अख्खा रविवार पुस्तकांत शोधत बसलो होतो. ते पिक्चरसाठीच बनवलेलं, ट्युनिशियाच्या वाळूत जागच्या जागी गोल फिरतं, बाकी काही नाही.